चौथ्या बाजूवरची माणसं

१

पनवेलात गाण्याचा कान असलेली माणसं मोजकी, आणि कान आहे असं सांगणारी भरपूर. दाजी घरत पहिल्यांपैकी. एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केली, दिवसभर माइकवरून गाड्या पुकारल्या, शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही असल्या गोंगाटात आयुष्य काढलं, तरी त्यांचा कान शाबूत राहिला. वयाची बहात्तरी उलटली तरी तंबोऱ्याची एक तार केसभर उतरलेली असेल तर त्यांना ती पायरी चढतानाच कळायची.

गुरुवारी दुपारी चारचा चहा झाला की दाजी कपाटातून एकच अल्बम काढत. ‘भामाबाई करंजकर : पनवेलची मैफल’. दोन तबकड्या, चार बाजू, साल एक्क्याऐंशी. भामाबाई करंज्याच्या कोळ्यांतल्या. आई डोईवर टोपली घेऊन मासळी विकायची आणि लेक तिच्या मागून आरोळीचा सूर लावायची, तो सूर पुढे सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. बाईंच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी पुष्कळ निघाल्या, पण जाणकार मानतात ती हीच. कारण ती एका शाळेच्या सभागृहात, समोर माणसं बसलेली असताना झाली, आणि रेकॉर्ड करणाऱ्यानं कुठलाही आवाज पुसला नाही. माणसांच्या डोक्यावर त्यानं दोन माइक टांगले होते. दुसऱ्या बाजूला मारुबिहाग रंगात येतो तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी नुसता श्वास सोडतो, तोही ऐकू येतो. दाजी म्हणत, गाणं बाईंचं, पण मैफल या श्वासाची.

या अल्बमवर दाजींनी तीस वर्षं भाषणं दिली. पेण, उरण, अलिबाग, जिथं बोलावतील तिथं आपलं प्लेअर घेऊन जात. आणि चौथ्या बाजूवर, शेवटची भैरवी सुरू व्हायच्या आधी, अर्ध्या मिनिटाची जी शांतता आहे तिथं ते थांबत. त्या शांततेतले आवाज त्यांना पाठ होते. स्टीलचा पेला खाली ठेवल्याचा. तबल्यावर हातोडीचे पाच ठोके. एक मूल कुरकुरतं. एक खुर्ची सरकते. आणि मग एका तरण्या बाईचा दबका, खट्याळ आवाज: ‘अवो, बसा ना. भैरवी रायलीय अजून.’

ती बाई म्हणजे दाजींची बायको शकू. आणि ज्याला ‘अवो’ म्हटलं तो खुर्ची सरकवून उठलेला गृहस्थ म्हणजे दाजी.

त्याच रात्री पळस्पे फाट्यावर टेम्पो उलटून शकू गेली. चोवीस वर्षांची होती. मुलगी समीक्षा दोन वर्षांची, घरी आजीपाशी झोपलेली. आता उलव्याला राहणारी ती समीक्षा आईला ओळखते ती या एका वाक्यावरून, आणि तिची पोरंही सुट्टीत आली की ‘आज्जीचा आवाज लावा’ म्हणून हट्ट धरतात. शकूचं वाक्य संपलं की दाजी सुई उचलत. भाषणात हसून म्हणत, ‘भैरवी ज्याची त्यानं घरी ऐकावी. भैरवी झाली की मैफल संपते. माझ्या घरात ही मैफल चव्वेचाळीस वर्षं चालू आहे.’ लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अशा माणसाला कोण काय बोलणार?

२

त्या गुरुवारी मनिषाचा फोन आला. मनिषा गावातलं संगीत मंडळ चालवते, कामाला वाघीण आणि बोलायला गोड.

‘दाजीकाका, रविवारी तुमचं भाषण ठेवतेय. पण या वेळी अख्खा अल्बम हं. भैरवीसकट. तुमच्याच रेकॉर्डवरून.’

‘भैरवी नको गं.’

‘काका, तीस वर्षं आम्हाला ताटावरून उठवताय तुम्ही,’ ती म्हणाली. ‘माणसं म्हणतात, दाजींच्या हातून ती एकदा ऐकायचीय. आम्ही काय परके आहोत?’

बघतो म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं. मग चौथी बाजू लावली.

नाट्यपद झालं. टाळ्या झाल्या. पेला. पाच ठोके. मूल कुरकुरलं. आणि खुर्ची सरकायच्या आधी कुणीतरी लांबलचक जांभई दिली. पुरुषाची जांभई, शेवटी ‘आई गं’ अशी. मग खुर्ची, मग शकू.

दाजींनी सुई उचलली, पण हात तसाच हवेत राहिला. ती जांभई रेकॉर्डवर नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत कधीच नव्हती.

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर नेहमीच्या रिक्षा, भाजीवाला, उन्हात उभी असलेली कॉलेजची पोरं. कुणीतरी खाली जांभई दिली असेल. म्हाताऱ्या कानाला वरचं आणि खालचं कळेनासं होतं. त्यांनी पुन्हा लावून बघायला हवं होतं, पण लावलं नाही. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि दिवे लागायच्या आतच जेवून घेतलं.

३

शुक्रवारी सकाळी कुंदनला वर बोलावलं. कुंदन खालच्या मजल्यावरचा, हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो पार्टीबरोबर ढोलकी वाजवणारा. शास्त्रीय गाण्याशी त्याचं वाकडं, पण कान तयार, आणि खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नाही.

‘हे ऐक आनि काय आयकू येतंय ते सांग,’ दाजी म्हणाले. कुंदनपाशी त्यांची भाषा आपोआप गावाकडं वळायची.

पेला खाली ठेवला गेला. ठोके सुरू झाले. पाच झाले, सहा झाले. दाजी मोजत राहिले. अकराव्या ठोक्याला तबलजी थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मूल कुरकुरत नव्हतं, चांगलं रडत होतं. कुणीतरी म्हणालं, ‘पाणी तरी द्या हो.’ खुर्च्या करकरत होत्या, एक नव्हे, पुष्कळ. मग शकूचं वाक्य आलं आणि दाजींनी सुई उचलली.

कुंदन मान वाकडी करून बसला होता. ‘मानसं लय कंटाळलीत की हो, दाजी. लाइट गेलती का तवा?’

‘तुला आयकू आलं?’

‘नाय यायला काय झालं? त्यो तबलेवाला तर ठोकून ठोकून हैरान.’ मग दाजींचा चेहरा बघून तो जरा नरमला. ‘बाईंनी लवकर उरकायला पायजे होतं. मानसांना घरी जायचं असतं.’

तो गेल्यावर दाजींनी समीक्षेनं दिलेला मोबाइल काढला. हाच अल्बम आता फोनवरही मिळतो. त्यांनी चौथ्या बाजूचा तो तुकडा लावला. पेला, पाच ठोके, कुरकुर, खुर्ची, ‘अवो, बसा ना’. सगळं जिथल्या तिथं. भैरवीचा पहिला सूर येणार तेवढ्यात त्यांनी घाईघाईनं फोन बंद केला.

म्हणजे जे काय होतं ते या रेकॉर्डवर होतं, या घरात होतं. दाजी अडाणी नव्हते. गुंडाळलेल्या जुन्या टेपवर एका पदराचा आवाज शेजारच्या पदरात उतरतो हे त्यांना माहीत होतं. सुई झिजली की पूर्वी न ऐकलेलं वर येतं हेही माहीत होतं. पण झिजलेली सुई फार तर कुजबूज वर आणेल, पाणी कुठून मागेल? आणि आणखी एक गोष्ट त्यांना नीट माहीत होती. हीच रेकॉर्ड, याच जागी, कोणी थांबवली होती आणि किती वेळा, हे.

भैरवीशिवाय मैफल संपत नाही. हे ते स्वतःच टाळ्या घेत सांगत आले होते.

४

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी पुन्हा लावली. या वेळी कुणी रडत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. नाट्यपदानंतरच्या टाळ्या संपल्या आणि सभागृह इतकं गप्प झालं की माइकची घरघर ऐकू येऊ लागली. मग लांबून, मागच्या बाजूनं, दाराची कडी वाजली. कुणीतरी ती हलवत होतं.

‘दार उघडा हो.’

‘रेकॉर्डिंग चालू आहे,’ दुसरा आवाज, थकलेला. ‘भैरवी झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, तसं ठरलंय.’

‘अहो पण ती होणार कधी?’

खुर्ची सरकली. दाजींनी सुई उचलली, आणि शकूचं वाक्य न ऐकता उचलण्याची ही पहिलीच वेळ.

दाराचं ते ठरलं होतं, खरंच. रेकॉर्डिंगसाठी दारं लावून घेतली होती. भैरवीच्या आधी पाणी प्यायला बाई थांबल्या तेव्हा क्षणभर एक दार उघडलं, आणि तेवढ्यात बाहेर पडलेला माणूस एकच. तेव्हा पळस्प्याला राहणारे, सकाळी पाचच्या ड्यूटीला जायचं म्हणून उठलेले दाजी.

लोकांना माहीत होतं ते असं. दाजी स्कूटर काढायला पुढे गेले, शकूला म्हणाले, ‘मी दारात गाडी आणतो, मी येईपर्यंत हलू नको.’ स्कूटर काही केल्या चालू झाली नाही. ते ढकलत ढकलत मेकॅनिक शोधत हिंडले. इकडे शकू वाट पाहून थकली आणि गावाकडं निघालेल्या विटांच्या टेम्पोत बसली. बिचारे दाजी. नशीब म्हणायचं, दुसरं काय. हेच समीक्षेला सांगितलं, हेच सासऱ्यांना, हेच पोलिसांना.

स्कूटर पहिल्या किकला चालू झाली होती.

आपण ऊठ म्हटलं तर ती उठली नाही, चारचौघांत वर ‘बसा ना’ म्हणाली, मागच्या बाया हसल्या, त्याचा अठ्ठावीस वर्षांच्या दाजींना राग आला होता. एवढंच. एकदा येऊ दे एकटीला, कळेल, असं म्हणून ते सरळ घरी निघून गेले. त्यांनी तिला मारलं नव्हतं, टाकलं नव्हतं. नुसतं शिकवायला गेले होते. संसारात शंभर वेळा होतं असं, आणि नव्व्याण्णव वेळा बायको तणतणत घरी येते.

५

शनिवारी ते पहाटेच उठले, पण दुपारपर्यंत प्लेअरकडं गेले नाहीत. समीक्षेचा फोन आला. रविवारच्या भाषणाला पोरांना घेऊन येते म्हणाली.

‘बाबा, मनिषाताई म्हणत होत्या भैरवी लावणार आहात. खरंच?’

‘बघू.’

‘लावाच. आईनं ती पूर्ण ऐकली होती ना? तिनं शेवटचं काय ऐकलं ते मलाही ऐकायचंय.’

दाजींनी फोन ठेवला. मग म्हणाले, शकूचा आवाज तरी ठीक आहे ना, तेवढं बघावं. माणसं कंटाळोत, दारं वाजवोत, तो तरी तसाच असेल. पोरांसाठी तेवढं एक वाक्य राहिलं पाहिजे.

सुई ठेवली. पेल्याचा आवाज आला नाही, पाणी संपलं असावं. हातोडी नव्हती. मूलही नव्हतं, त्याच्या जागी कुणी जाडसर आवाजात खोकत होतं. खुर्ची सरकली.

‘अवो, बसा ना. भैरवी रायलीय अजून.’

शब्द तेच. हेल तोच, ‘ना’वर किंचित ओढ घेणारा. पण आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. घसा सुकलेला, दोन शब्दांमध्ये दम घेणारा, अडुसष्ट वर्षांचा. तिनं हे वाक्य दर गुरुवारी म्हटलं होतं. पेणला म्हटलं, उरणला म्हटलं, नातवंडांनी हट्ट केला की म्हटलं. त्यातला खट्याळपणा कधीच संपला होता. आता ती नुसती विनवत होती.

दाजी खाली जमिनीवर बसले आणि रडले. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं. आपण हिला जपून ठेवलंय, असं ते चव्वेचाळीस वर्षं समजत होते.

मग त्यांनी डोळे पुसले. कोडगेपणाला जसा शेवट असतो तसा भित्रेपणालाही असतो, आणि तो आला की माणूस एकदम हलका होतो. उद्याची वाट बघायची नाही, दोनशे माणसांसमोर तर नाहीच. आज, आत्ता, आणि उठायचं नाही. जे व्हायचं ते होवो.

६

त्यांनी तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला, फोन बंद करून टाकला. साडेतीन वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खाली भंगारवाला ओरडत जात होता. प्लेअरचं पारदर्शक झाकण वर करून त्यांनी चौथी बाजू लावली आणि समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले.

नाट्यपद झालं. टाळ्या तुरळक आल्या. खुर्ची सरकली आणि तो म्हातारा आवाज तेच बोलला.

‘बसलोय,’ दाजी म्हणाले.

बाईंनी भैरवी सुरू केली. ती कशी होती हे दाजी कुणाला सांगू शकले नसते, आणि सांगणं हेच तर त्यांचं काम होतं. कोमल रिषभावर बाई आल्या तेव्हा सगळ्या सभागृहानं एकदम श्वास सोडला. नऊ मिनिटं दाजींनी पापणी हलवली नाही. शेवटचा षड्ज विरला, तंबोरे थांबले.

मग माणसं उठली. घाई नाही, बोलणं नाही. शेकडो खुर्च्या मागे सरकल्या, गुडघे कडकडले, वहाणांचे आवाज दाराकडं गेले. कडी निघाली. रेकॉर्डवर हे काही नाही, टाळ्यांवर ती संपते, हे दाजींना ठाऊक होतं. तरी ते ऐकत राहिले. पावलं कमी कमी होत गेली. शेवटचं जोडपं कुजबुजत बाहेर पडलं. गेली बिचारी, दाजी म्हणाले. सुटली.

‘बाई,’ सभागृहाच्या शिपायाचा आवाज आला, ‘कुलूप लावायचंय.’

‘येतीलच ते,’ शकू म्हणाली. ‘गाडी आनायला गेलेत.’

दाजी पुढे वाकले, तोंड अगदी स्पीकरजवळ नेलं आणि स्टँडवर पुकारायचे तशा खणखणीत आवाजात बोलले. ‘शकू, मी येनार नाय. आयकतेस ना? वाट बघू नको. टेम्पोत बसू नको. ऊठ आनि तुज्या मावशीकडं जा, आळीतच हाय, चालत जा.’

मग एक खुर्ची सरकली. पावलं सुरू झाली, सावकाश, एक पाय किंचित ओढत. ती दाराकडं गेली नाहीत. ती माइकच्या दिशेनं येऊ लागली, मोठी होत. सुई शेवटच्या रेघेला पोचली, प्लेअरचा हात आपोआप उचलला गेला, जागेवर जाऊन टेकला, तबकडी थांबली. पावलं थांबली नाहीत. फक्त आता ती स्पीकरमधून येत नव्हती. ती दाजींच्या पाठीमागून, फरशीवरून येत होती.

ती थांबली. मागे समीक्षेनं घेऊन दिलेली वेताची खुर्ची होती, ती कुणीतरी बसावं तशी करकरली.

दाजी वळले नाहीत. पण समोर प्लेअरचं झाकण उभं होतं आणि त्यात मागची खोली अंधूक दिसत होती. हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन हात दिसले, शिरा वर आलेले, बोटं सुरकुतलेली. चेहऱ्याच्या उंचीला झाकणाची कड संपत होती. दाजींनी मान वर केली असती तर तोही दिसला असता.

‘कुठं होता तुमी?’ तिनं विचारलं. रागानं नाही. खरोखर माहीत नसल्यासारखं.

‘स्कूटर चालू होत...’ सवयीनं शब्द तोंडात आले. चव्वेचाळीस वर्षांची सवय. दाजींनी ते तिथंच तोडले. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, पाठ ताठ केली आणि मागं न बघता सांगितलं.

‘घरी होतो, शकू. तुजा राग आलता मना. घरी गेलो, हातपाय धुतले, समीक्षाच्या बाजूला आडवा झालो.’

ती पुढचं ऐकायला थांबली होती.

‘पहाटं पोलिसांनी दार वाजवलं तवा उठलो,’ दाजी म्हणाले. ‘झोपलो होतो गं. लय चांगली झोप लागलेली.’